मेंढरं दिसली तरी हाकेसरशी वळणारं कुत्रं

सोलापुरात कुत्र्याला पाय मोकळे करायला जागेची ददात नाही. होटगी रस्ता, विजापूर रस्ता, हिप्परग्याच्या तलावाची बाजू; शहराची शेवटची कॉलनी संपली की पड रान सुरूच होतं. पण हे रान रिकामं कधीच नसतं. बांधाला चार शेरडं बांधलेली असतात, वस्तीसमोर कोंबड्या फिरतात, पांदीतून म्हसरं तलावाकडे निघालेली असतात, आणि ज्वारी निघाल्यावर तर रानोरान मेंढरं बसलेली दिसतात. घरात, जिन्यात, सोसायटीच्या गेटवर एका हाकेत येणारं कुत्रं इथं पहिल्याच कळपापुढं बहिरं होतं.

त्याला ऐकू येत नाही असं नाही. हाक उशिरा गेलेली असते. या लेखातलं बहुतेक सगळं त्या उशिराभोवतीच आहे.

हाक कोणत्या क्षणी मारायची

पाठलाग एका झटक्यात घडत नाही, त्याला पायऱ्या असतात. कुत्रं आधी जनावराकडे बघतं, मग टक लावतं, मग अंग आवळून दबकतं, मग धावतं आणि शेवटी तोंड घालतं. यातलं धावणं हेच मोठं बक्षीस आहे. समोरची मेंढरं एकत्र गोळा होऊन पळायला लागली की कुत्र्याला दुसऱ्या कशाचीच गरज उरत नाही, खिशातल्या कोंबडीच्या तुकड्याची तर नाहीच. म्हणून धावायला लागलेलं कुत्रं परत बोलावता येईल असं गृहीत धरू नका. काही कुत्री तिथूनही वळतात, पण त्यांच्या भरवशावर दुसऱ्याची जनावरं पणाला लावायची नसतात.

हाकेची जागा ‘बघणं’ आणि ‘टक लावणं’ यांच्या मध्ये आहे. ती ओळखायला कुत्र्याच्या तोंडाकडे लक्ष ठेवा. धापा टाकत, जीभ बाहेर काढून चाललेलं कुत्रं जनावर दिसताच तोंड मिटतं. कान पुढे येतात, शेपटी ताठ होते, वजन पुढच्या पायांवर जातं, कधी एक पाय उचललेला राहतो. यात सगळ्यात आधी आणि सगळ्यात भरवशाचं लक्षण म्हणजे मिटलेलं तोंड. गावठी किंवा लॅब्राडॉर कुत्र्यात तिथून धाव सुटेपर्यंत एक-दोन सेकंद मिळतात. कारवान या वेगवान शिकारी जातीत तेवढेही मिळत नाहीत. ताशी ५० किलोमीटरचा वेग धरला तरी ते सेकंदाला जवळजवळ १४ मीटर होतात. १०० मीटरवरच्या कळपात कुत्रं सात-आठ सेकंदांत पोचलेलं असतं. तेवढ्या वेळात तुमची दुसरी हाकही पुरी होत नाही.

फिरताना मोबाइल खिशात राहिला पाहिजे, असं सांगायचं कारण एवढंच.

हाकेचा शब्द

कुत्र्याचं नाव हाक म्हणून वापरू नका. नाव दिवसभर घेतलं जातं, लाडानं, रागानं, शेजाऱ्यांशी गप्पा मारताना. ‘ये’ आणि ‘इकडं ये’ यांचंही तेच. घरातल्या प्रत्येकाला तेच म्हणत असतो. पाहिजे एक असा शब्द, जो घरात एरवी कुणी उच्चारत नाही आणि जो ओरडून म्हणताना रागीट होत नाही. ‘बिगी-बिगी’ चांगला चालतो: दोनदा येतो, शेवट उंच सुरात उघडतो आणि लांबवर जातो. तुमच्या घरात म्हातारी माणसं हा शब्द रोज वापरत असतील तर दुसरा निवडा. हौसेनं खाण्याच्या पदार्थाचं नाव ठेवणारेही असतात, पण सोलापूरच्या घरात ‘चटणी’ हा शब्द दोन्ही वेळच्या जेवणात येतो, हे लक्षात असू द्या.

शिट्टी आवाजापेक्षा चांगली, कारण तिच्यात घाबरलेपण उतरत नाही आणि वाऱ्यातही ती स्पष्ट राहते. पण इथं एक अडचण आहे. मेंढपाळ तोंडानं शिट्ट्या घालतात, ‘हुर्र’, ‘ट्रर्र’ असे आवाज काढून कळप वळवतात. तुमची शिट्टी त्यांच्यासारखी वाजली तर कुत्रंही गोंधळेल आणि मेंढरंही. म्हणून तोंडानं शिट्टी घालू नका. आत गोटी नसलेली, एकसुरी प्लास्टिकची शिट्टी घ्या आणि तीन तोकड्या फुंकांची खूण ठरवा. एकसारख्या दोन घ्या, एक गाडीत राहू द्या. घरातल्या सगळ्यांनी तीच खूण वापरायची, आणि लहान मुलांच्या हाती शिट्टी द्यायची नाही.

सामान

दोर दोन लागतात, एक ५ मीटरचा आणि एक १० मीटरचा. दावी, कासरे, वेसणी विकणाऱ्या दुकानात सुती विणीचा दोर मीटरवर मिळतो. २० किलोपर्यंतच्या कुत्र्याला ८ मिलिमीटर जाडीचा, त्याहून मोठ्याला १० मिलिमीटरचा घ्या. नायलॉनचा दोर हलका असतो आणि लवकर वाळतो, पण हातातून सरकला की कातडी सोलून काढतो. तो घ्यायचाच असेल तर हातमोजे घालूनच वापरा. एका टोकाला फिरकीचा हुक बांधा. दुसऱ्या टोकाला फास किंवा गाठ ठेवू नका. वेड्या बाभळीच्या झुडपात तीच अडकते. दर दोन मीटरवर रंगीत धाग्याची पट्टी गुंडाळली की किती दोर सुटलाय हे न बघता कळतं. पट्टी गाठीसारखी जाड मात्र होऊ देऊ नका.

लांब दोर गळ्यातल्या पट्ट्याला कधीही अडकवायचा नाही. वेगात सुटलेलं कुत्रं दोर संपला की हिसक्यानं थांबतं आणि सगळा ताण मानेवर येतो. त्यासाठी छातीचा हार्नेस हवा. खांद्याचा सांधा मोकळा राहील आणि पट्टा छातीच्या मधोमध उभा येईल असा निवडा. पट्ट्याखाली दोन बोटं जातील इतपत सैल. कारवान आणि पश्मी (कारवानचाच लांब केसांचा प्रकार) यांची छाती खोल आणि पोट आत गेलेलं असतं, मागं सरकत ते हार्नेसमधून निसटतात. त्यांना पोटाजवळ दुसरा पट्टा असलेला हार्नेस लागतो. साधी कॉलरही त्यांच्या निमुळत्या डोक्यावरून सहज निघते.

घास म्हणून उकडलेली कोंबडी किंवा कलेजी सर्वांत उपयोगी. २५० ग्रॅम बिनहाडाची कोंबडी मीठ-मसाल्याशिवाय उकडून वाटाण्याएवढे तुकडे केले की दीडशेच्या आसपास घास होतात. शाकाहारी घरात पनीर चालतं. भाकरीचे तुकडे घरातल्या सरावाला ठीक, पण कळपासमोर भाकरीला कुत्रं विचारत नाही. उन्हाळ्यात मांस तासाभरात खराब होतं. छोट्या डब्यात बर्फाची पिशवी ठेवून न्या. दिवसभराचे घास एकूण खाण्याच्या दहाव्या हिश्शाच्या आत ठेवा आणि तेवढं जेवण कमी करा. द्राक्षं आणि बेदाणे कधीच नाहीत. आपल्याकडे ते घरोघरी असतात, पण कुत्र्याचं मूत्रपिंड त्यांनी निकामी होऊ शकतं. कांदा-लसूण घातलेलं काहीही नको, म्हणजे शेंगाचटणी लावलेली भाकरीही नको.

पहिला आठवडा: नुसता आवाज आणि घास

घरात कुत्रं तुमच्याजवळच असताना हाकेचा शब्द म्हणा आणि एका सेकंदाच्या आत घास द्या. त्यानं काही करायची गरज नाही. दहा वेळा सकाळी, दहा वेळा संध्याकाळी. क्रम उलटा होऊ देऊ नका: आधी आवाज, मग हात खिशात. हात आधी हलला तर कुत्रं हात बघायला शिकतं, आवाज ऐकायला नाही. पुढं माळावर पन्नास मीटरवरून हात त्याला दिसणार नसतो.

पाच-सात दिवसांनी कुत्रं दुसऱ्या खोलीत असताना एकदाच शब्द म्हणा. ते धावत आलं तर पुढं जा. मान वर करून नुसतं बघत राहिलं तर आणखी चार दिवस तेच करा. घाईनं इथं वाचवलेला आठवडा पुढं महिन्यानं वसूल होतो.

दुसरा टप्पा: गच्ची, अंगण आणि पट्टा धरणं

आता ३ ते ५ मीटर अंतरावरून बोलवा. दोघं असाल तर समोरासमोर उभे राहून आळीपाळीनं बोलवा. कुत्रं आलं की घास लगेच हातात देऊ नका. आधी एका हातानं गळ्यातला पट्टा धरा, मग घास द्या, मग सोडा. हा क्रम शेकडो वेळा झाला पाहिजे. हे वगळणारे खूप असतात आणि मग तक्रार करतात की कुत्रं येतं, पण हातभर लांब उभं राहतं, धरायला गेलं की पळतं. पट्टा धरणं म्हणजे खेळ संपणं असं त्याच्या मनात बसलेलं असतं. दहापैकी आठ वेळा धरून, खायला देऊन पुन्हा ‘जा’ म्हणून सोडलं की ही अडचण उभीच राहत नाही.

घरी जायची वेळ झाली म्हणून हाक मारू नका. अंघोळ, नखं कापणं, औषध, यांसाठीही नाही. तेव्हा तुम्ही स्वतः चालत त्याच्याजवळ जा. गोड हाकेपाठोपाठ नकोशी गोष्ट तीन-चारदा घडली की शब्दाचं वजन जातं, आणि बिघडलेला शब्द सुधारण्यापेक्षा नवा शब्द पहिल्यापासून शिकवणं कमी वेळाचं असतं.

तिसरा टप्पा: लांब दोर, मोकळं रान, जनावर नसलेलं

१० मीटरचा दोर हार्नेसला लावून सकाळी लवकर अशा रानात जा, जिथं त्या वेळी जनावरं नसतात. कुत्र्याला हुंगू द्या, फिरू द्या. दर तीन-चार मिनिटांनी, त्याचं लक्ष फार गुंतलेलं नसताना, एकदा हाक मारा. आलं की एक नव्हे, पाठोपाठ पाच-सहा घास द्या, कौतुक करा, पुन्हा सोडा. न बोलावता ते वळून तुमच्याकडे बघेल तेव्हाही घास द्या. ही सवय फार मोलाची आहे. माळावर निम्मं काम तीच करते.

हाक एकदाच. न आल्यास पुन्हा-पुन्हा ओरडलात तर पहिल्या चार हाका म्हणजे सूचना आणि पाचवी खरी, असं कुत्रं शिकतं. त्याऐवजी दोर गोळा करत त्याच्या दिशेनं चाला, अंतर निम्मं झालं की ओठांनी चुकचुक आवाज करा आणि मागं वळून दोन-चार पावलं पळा. ते मागे येईल, घास द्या. दोरानं ओढत आणू नका. दोर कुत्र्याला जाऊ न देण्यासाठी आहे, ओढून आणण्यासाठी नाही.

हातात दोर कसा धरायचा हेही सांगून ठेवतो. मनगटाला किंवा बोटांना वेटोळे घालायचे नाहीत. २५ किलोचं कुत्रं सहा-सात मीटर धावून हिसका देतं तेव्हा बोट मोडतं, खांदा निखळतो. जादा दोर सैल घड्या घालून डाव्या हातात ठेवा, उजव्या हातातून सोडत राहा. कुत्रं अचानक सुटलंच तर हातानं न थांबवता बूट दोरावर ठेवा. चपलेवर हा सराव करू नका.

दहा हाकांपैकी नऊ यशस्वी झाल्या की पुढं जा. सात किंवा कमी झाल्या तर मागच्या टप्प्यावर या. हा हिशेब मनात नको, मोबाइलवर लिहून ठेवा. मनातला हिशेब नेहमी कुत्र्याच्या बाजूनं असतो.

चौथा टप्पा: जनावरं

इथून कामाला वेळ लागतो, आणि लागलाच पाहिजे.

सुरुवात दावणीला बांधलेल्या जनावरापासून करा. बांधलेली म्हैस पळत नाही, म्हणून ती सर्वांत सोपी. पंढरपुरी म्हशीची लांब, मागं गेलेली शिंगं पाहून कुत्रं स्वतःच अंतर राखतं. त्यानंतर चरणाऱ्या गाई-बैल, मग बांधलेली शेरडं, मग मोकळी शेरडं, आणि सर्वांत शेवटी मेंढरांचा कळप. त्यातही आधी बसलेला, मग चरणारा, मग चालता. पळणाऱ्या कळपासमोर सराव कधीच करायचा नाही. कोंबड्या मध्येच कुठंतरी येतात. त्यांचं फडफडणं काही कुत्र्यांना मेंढरांपेक्षा जास्त खुळावतं, तेव्हा आपलं कुत्रं ओळखून क्रम बदला.

पहिल्यांदा अंतर शोधा. १५० मीटरवर थांबा. कारवान असेल तर ३०० मीटरवर. ते नजरेनं शिकार करणारं कुत्रं आहे, दुसऱ्या कुत्र्यांना जिथं ठिपका दिसतो तिथं त्याला मेंढरू दिसतं. घास पुढं करा. खाल्ला, चावला, तुमच्याकडे बघितलं, तर अंतर बरोबर आहे. घास घेतलाच नाही किंवा घाईघाईनं हिसकावून पुन्हा कळपाकडे बघू लागलं, तर तुम्ही फार जवळ आहात, मागं जा. खाणं नाकारणारं कुत्रं हट्टी नसतं, त्या क्षणी ते शिकण्याच्या अवस्थेतच नसतं. वाऱ्याकडेही लक्ष द्या. कळपाकडून तुमच्याकडे वारा असेल तर वासामुळे तेच अंतर कुत्र्याला निम्मं वाटतं.

आता कळपाच्या दिशेनं नव्हे, कळपाला समांतर चाला. कुत्र्यानं जनावराकडे पाहिलं आणि तोंड मिटलं की त्याच क्षणी हाक. वळलं की पाठोपाठ पाच-सहा घास, आणि कळपापासून लांब पळत जायचा खेळ. पळायची हौस त्याला आहेच, ती उलट्या दिशेला फेडायची. एका वेळी अशा पाच-सहा हाका पुरे. पंधरा मिनिटांत आटपा. थकलेल्या कुत्र्याची नजर कळपावर खिळायला लागते.

काही दिवसांनी एक मजेशीर बदल दिसतो: कुत्रं जनावर पाहतं आणि हाकेआधीच तुमच्याकडे वळतं. हे झालं की अंतर दहा-दहा मीटरनं कमी करा. त्या अंतरावर तीन वेगवेगळ्या दिवशी नीट जमल्याशिवाय पुढचे दहा मीटर नाहीत. जनावराचा प्रकार बदलला, बसलेला कळप चालू लागला, किंवा जागा नवी असली की अंतर पुन्हा दुप्पट करायचं. एका वेळी एकच गोष्ट अवघड करायची. ३० मीटरच्या आत जायची गरज फिरायला जाणाऱ्या माणसाला पडत नाही. मेंढपाळालाही तुम्ही त्याहून जवळ आलेलं आवडणार नाही.

मेंढपाळाशी बोलणं

सरावासाठी कळप लागतो आणि कळप कुणाच्या तरी पोटापाण्याचा असतो. आधी एकटे, कुत्र्याशिवाय जा. ‘राम राम मामा, कुत्रं दोरीला हाय, लांबनंच फिरवतो, चालंल का?’ एवढं पुरतं. विचारून ठेवण्यासारख्या गोष्टी म्हणजे कळप किती वाजता कुठं बसतो, मेंढ्या गाभण आहेत का, कोकरं बारीक आहेत का, आणि राखणीची कुत्री किती. गाभण मेंढी घाबरून धावली तर कुत्र्याचा दात न लागताही गाभडते. असा कळप सरावाला घ्यायचा नाही. शेतकऱ्यानं खतासाठी रानात मेंढरं बसवली असतील तर रानाच्या मालकालाही विचारा, बांध त्याचा आहे.

राखणीची कुत्री मोकळी असतात आणि त्यांचं काम ती चोख करतात. ती भुंकत पुढं आली तर ओरडू नका, दगड उचलू नका, आपल्या कुत्र्याचा दोर ताठ करू नका. दोर ताठ झाला की आपलं कुत्रं छाती काढून उभं राहतं आणि समोरचं त्याला आव्हान समजतं. दोर आखडून पण सैल ठेवत, वळून, आलात त्या वाटेनं परत फिरा. कळपापासून थोडं लांब गेलात की ती बहुधा मागं फिरतात.

सांगोल्याचा रविवारचा जनावरांचा बाजार सरावाला सोयीचा वाटेल, पण तिथं कुत्रं नेऊ नका. गर्दीत अंतर राखता येत नाही, आणि अंतराशिवाय हे शिकवणंच नाही.

थांब

हाकेबरोबर आणखी एक गोष्ट शिकवून ठेवा: लांबून ‘थांब’ म्हटलं की जागच्या जागी थांबणं. मधे रस्ता आणि त्यावरून उसाचा ट्रॅक्टर येत असेल, किंवा कळप कुत्रं आणि तुमच्या मधून चालला असेल, तर हाक मारणं चुकीचं ठरतं. शिकवण्याची पद्धत सोपी आहे. कुत्रं तुमच्याकडे येत असताना हात वर करून ‘थांब’ म्हणा आणि घास त्याच्या पाठीमागं फेका. घास मागं पडतो म्हणून ते पुढं यायचं थांबतं. आधी दोन मीटरवर, मग पाच, मग दहा. हे वेगळ्या वेळी शिकवा. हाकेच्या सरावात मिसळलंत तर कुत्रं येता येता अडखळायला लागेल.

ऋतू आणि जमीन

एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा चाळिशीच्या वर जातो. सराव सकाळी सातच्या आत संपवा. संध्याकाळी सूर्य मावळला तरी डांबर आणि खडक तापलेलेच असतात. तळहाताची मागची बाजू जमिनीवर सात सेकंद ठेवता आली नाही तर कुत्र्याचे पंजेही भाजतील. दर माणशी एक आणि कुत्र्यासाठी एक, अशा पाण्याच्या बाटल्या न्या. काळ्या रानातल्या भेगांत धावतं पाऊल अडकून मुरगळतं, म्हणून उन्हाळ्यात मुरमाड माळ बरा.

पावसाळ्यात दोराला चिखल लागून तो दुप्पट जड होतो. ५ मीटरचाच वापरा. घोणस आणि फुरसं गवतात, दगडाखाली असतात, तेव्हा गुडघाभर गवतात दोर सरपटू देऊ नका. पावसाळा सरता सरता कुसळी वाळतात आणि कानात, बोटांच्या बेचक्यांत शिरतात. घरी आलं की रोज पंजे उघडून बघा. डोकं झटकणाऱ्या कुत्र्याच्या कानात कुसळ असू शकतं. ते डॉक्टरकडून काढून घ्या, कापसाच्या काडीनं आत ढकलू नका.

हिवाळ्यात रब्बी ज्वारी माणसाच्या उंचीची असते. कुत्रं एकदा ज्वारीच्या ताटांत शिरलं की दिसत नाही आणि तुम्ही त्याला दिसत नाही. उभ्या पिकाच्या कडेनं दोर आखूडच ठेवा. पिकाचं नुकसान वेगळंच. फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणी झाली की रान मोकळं दिसतं, पण जमिनीतली धसकटं भाल्यासारखी उभी असतात, वेगात धावणाऱ्या कुत्र्याच्या पंजात आणि छातीत घुसतात. नेमकी तेव्हाच मेंढरं रानात उतरतात. म्हणजे सराव करायला हा हंगाम चांगला, कुत्रं मोकळं सोडायला सर्वांत वाईट.

कुठं बिघडतं

कुत्रं उशिरा आलं म्हणून मारणं किंवा रागावणं ही सर्वांत जुनी खोड. कुत्र्याच्या लेखी शिक्षा येण्याला झाली, जाण्याला नाही. पाच मिनिटांनी आलं तरी घास मिळालाच पाहिजे. राग आला असेल तर तो गिळायचा आणि उद्या अंतर वाढवायचं.

विजेचा धक्का देणारा पट्टा ऑनलाइन सहज मिळतो. धक्का बसतो तेव्हा कुत्रं मेंढराकडे बघत असतं, त्यामुळे दुखणं मेंढरामुळे झालं असा त्याचा समज होऊ शकतो. काही कुत्री त्यानंतर मेंढरांना घाबरतात, काही त्यांच्यावर चिडून धावून जातात. तुमचं कुत्रं यातलं कुठलं ते आधी कळत नाही. गळ्यात लाकडाचं लोढणं बांधण्याची जुनी पद्धत पाय अडवते, शिकवत काहीच नाही. लोढणं काढल्या दिवशी कुत्रं जिथं होतं तिथंच असतं.

सहा महिन्यांपासून दीड वर्षापर्यंतचं कुत्रं शिकलेलं विसरल्यासारखं वागतं. विसरत नाही, बाहेरचं जग जास्त ओढतं एवढंच. त्या काळात दोर अजिबात काढू नका. दोन कुत्री असतील तर वेगवेगळं शिकवा. एकट्यानं नीट वळणारी दोघं एकत्र सुटली की एक दुसऱ्याच्या मागं धावतं आणि हाक कुणीच ऐकत नाही.

दोर कधी काढायचा, हा प्रश्न सगळेच विचारतात. आधी दोर हातातून सोडून जमिनीवर सरपटू द्या, महिनाभर. मग ५ मीटरचा, मग दीड मीटरचा तुकडा. पण हे जनावर नसलेल्या रानात. कळप नजरेत असताना दोर हातातच असावा, कुत्रं कितीही शिकलेलं असो. शिकवण्यानं धोका घटतो, शून्य होत नाही, आणि उरलेला धोका मेंढपाळाच्या माथी मारायचा आपल्याला हक्क नाही.

व्यालेली गाय, आणि माळढोकचं रान

वासरू पायाशी असलेली गाय किंवा म्हैस कुत्र्यावर धावून येते, आणि कुत्रं पळून तुमच्यामागं लपतं. अशा वेळी दोर सोडून द्या. कुत्रं जनावरापेक्षा वेगानं पळतं, तुम्ही नाही. तुम्ही बांध, झाड, कुंपण गाठा, मग शिट्टी वाजवा. वासरू दिसलं की मुळात वाट बदलणं उत्तम. खिल्लार गाई चपळ आणि तापट. त्यांच्याबाबत हे दुप्पट लागू.

नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ मध्ये जाहीर झालं. त्याच्या आत किंवा लगतच्या गवताळ रानात कुत्रं नेऊ नका. माळढोक, टिटवी, लावे जमिनीवरच अंडी घालतात. काळवीट वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे आणि त्या कायद्यातल्या शिकारीच्या व्याख्येत जनावरामागं लागणं, हाकणं हेही येतं. ‘कुत्रंच धावलं’ ही सबब चालत नाही. माळावरच्या लांडग्यांना आपल्या कुत्र्यांकडून डिस्टेंपर आणि रेबीज जातो, म्हणून दोन्हीची लस वेळेवर हवी.

जनावरांच्या रानात जायचं तर जंताचं औषधही दर तीन महिन्यांनी, फीतकृमीवर चालणारं, डॉक्टरांना विचारून वजनाप्रमाणे द्या. कुत्र्याच्या विष्ठेतल्या फीतकृमीच्या अंड्यांनी मेंढ्यांच्या मेंदूत गाठी होतात, मेंढी एका जागी गोल-गोल फिरायला लागते आणि मरते. गाईंमध्ये गर्भपात घडवणारा एक परजीवीही याच वाटेनं पसरतो. चराऊ रानात विष्ठा पिशवीत उचलायची ती यासाठी. परतल्यावर कानामागं, बोटांत, शेपटीखाली गोचीड शोधा; गोचीड तापानं दगावणारी कुत्री थोडीथोडकी नसतात.

तरीही सुटलं तर

ओरडत मागं धावू नका. कुत्र्याला वाटतं, मालकही शिकारीला आला. एकदाच शिट्टी वाजवा आणि उलट्या दिशेनं पळा. ते वळलं नाही तर शांतपणे चालत जाऊन मेंढरं आणि कुत्रं यांच्या मधे शिरा, दोरावर पाय ठेवा, पट्टा धरा. मारू नका.

मग मेंढपाळाजवळ जा. पळून जाणारे असतात, त्यांच्यामुळेच पुढच्या माणसाला कुणी जवळ करत नाही. मेंढ्या मोजायला, पांगलेल्या गोळा करायला मदत करा. लोकरीखाली दाताची खूण दिसत नाही. मान, कान, मागच्या मांड्या लोकर बाजूला करून तपासा. बारीक भोकासारखी जखमही आतून खोल असते आणि दोन दिवसांत किडे पडतात. जखम वाहत्या पाण्यानं आणि साबणानं पंधरा मिनिटं धुवा आणि पशुवैद्यकाला बोलवा. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा क्रमांक आहे. आपल्या कुत्र्याच्या रेबीज लसीच्या दाखल्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा आणि तिथंच दाखवा. चावलेल्या जनावराला लस लागली तर ती शून्य, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी द्यावी लागते. तिचा आणि डॉक्टरचा खर्च मागितल्याशिवाय द्या. मेंढी दगावली तर बाजारभावानं भरपाई, आणि गाभण असेल तर त्या हिशेबानं.

घरी आल्यावर कुत्र्याला दोन-तीन दिवस रानात नेऊ नका, अंगातली झिंग उतरू द्या. त्यानंतर पंधरा दिवस पुन्हा १५० मीटरवर, १० मीटरच्या दोरावर, बांधलेल्या म्हशीपासून.